दहावी भेट

दूध केंद्राला कुलूप लागलं त्या सकाळी काकूंनी शेवटचा कॅन घासून उन्हात उपडा घातला, आणि आता हात कुठे ठेवावेत हेच त्यांना सुचेना. दोन वर्षं पाऊस नव्हता. आधी चारा संपला, मग गुरं विकली गेली, मग दूध आटलं. गुरंच नाहीत तर केंद्र काय पाण्यावर चालवणार?

बावीस वर्षं त्या केंद्रावर काकूंचं राज्य होतं. पहाटे माणसं कॅन घेऊन रांगेत उभी राहायची. काकू झाकण उचलायच्या, वाकून एकदा वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या." नाहीतर म्हणायच्या, "नको." नको म्हटलं की विषय संपला. नासलेलं, भेसळीचं दूध परत न्यायची मुभा नव्हती, कारण तेच दुसऱ्या दिवशी चांगल्या दुधात मिसळून पुन्हा यायचं. काकू तो कॅन उचलायच्या आणि मालकाच्या डोळ्यांदेखत गटारात ओतायच्या. "गायीने कडू पाला खाल्ला असेल हो," "कॅन नीट धुतला गेला नाही," अशी रड रोज कोणीतरी गायचं. काकूंनी ती कधी ऐकून घेतली नाही. त्यांचं नाक बावीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. गाव तोंडावर काकू म्हणायचं आणि पाठ फिरली की नाकवाली.

केंद्र बंद झाल्यावर त्या सहा महिने घरी बसल्या आणि नवऱ्याच्या नाकी नऊ आणले. त्याच्या सदऱ्याला वास, चहाला वास, अंथरुणाला वास. दवाखान्यातल्या सिस्टरांना घरभेटीच्या कामासाठी बायका हव्यात असं कळलं, तेव्हा काकूंचा अर्ज त्या बिचाऱ्यानेच भरून दिला.

"दारू सोडलेल्या आयांच्या घरी जायचंय," सिस्टर पहिल्या दिवशी म्हणाल्या. "ज्यांची पोरं लहान आहेत अशा. दर आठवड्याला एकदा. पोर बघायचं, आईशी बोलायचं, कागद भरायचा."

शाळेची रिकामी खोली होती. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर नऊ मोठ्या बायका गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. सिस्टर अंगाने काडी, आवाज घोगरा, पण जरब अशी की मागच्या बाकावरची कुजबुज नुसत्या नजरेने थांबायची.

"दाराबाहेर थांबायचं. या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दाखवतील तिथे बसायचं. डबे, भांडी, गाद्या, कशालाही हात लावायचा नाही. आपण पोलीस नाही आणि सासू तर नाहीच नाही. जे कळायचं ते विचारून कळेल."

"आणि ती खोटं बोलली तर?" काकूंच्या शेजारची शिवणवाली म्हणाली. ती गावात कपडे शिवायची, वर्गात सगळ्यांत लहान.

"बोलेल की. आज बोलेल, पुढच्या आठवड्यात बोलेल. एक दिवस तिला खरं कोणाला तरी सांगावंसं वाटेल. त्या दिवशी तिच्यासमोर बसायला आपण असायला हवं, म्हणून तर जायचं."

मग सिस्टर स्वतः आई झाल्या आणि काकूंना घरभेटवाली केलं. काकूंनी सगळं बिनचूक केलं. बाहेर थांबल्या, बोलावल्यावर आल्या, दाखवलं तिथे बसल्या, "आठवडा कसा गेला गं?" असं अगदी मऊ आवाजात विचारलं. सिस्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. काकूंनी तो घेतला आणि ओठांना लावायच्या आधी नाकाशी नेला.

सगळा वर्ग खो खो हसला. सिस्टरही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"काकू, हसण्यावारी नेऊ नका. खऱ्या घरात हे झालं तर ते घर तुमच्या हातून गेलं समजा."

"सवय आहे हो जुनी."

"म्हणूनच सांगतेय."

काकूंना ते लागलं. काल आलेली ही एवढीशी पोरगी मला कामाची रीत शिकवणार, असं मनात म्हणत त्यांनी पेला खाली ठेवला. पाणी प्यायल्याच नाहीत.

त्यांच्या वाट्याला घर आलं ते गावाच्या टोकाचं, दोन खोल्यांचं. तिथे एक म्हातारी होती, तिची सून होती आणि सुनेची दीड वर्षाची मुलगी, ठकी. सुनेला सगळे धाकटी म्हणायचे. धाकटी आणि तिचा नवरा दगडखाणीवर कामाला जायचे. दिवसभर घण मारून अंग मोडलं की संध्याकाळी खाणीवर सगळेच घ्यायचे, बायकासुद्धा. धाकटीही घ्यायला लागली. पुढे नुसत्या संध्याकाळीच घ्यायची असं राहिलं नाही. सहा महिन्यांपूर्वी भरदुपारी ती पिऊन पडली असताना ठकी रांगत चुलीपाशी गेली आणि निखाऱ्यात हात घातला. डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. नवरा खाणीवरच राहिला, पैसे पाठवायचा, तोंड दाखवायचा नाही. शेजारच्या गावातली नणंद पोर न्यायला आली आणि प्रकरण मुलांच्या समितीपुढे गेलं. समितीचे प्रमुख निवृत्त मास्तर होते. त्यांनी अट घातली. बारा आठवडे, बारा भेटी. धाकटी दारूपासून लांब राहिली तर पोर तिच्याकडे. एक घोट जरी घेतल्याचं आढळलं तर पोर नणंदेकडे.

पहिल्या दिवशी सिस्टरांच्या मागे काकू दारात उभ्या राहिल्या तेव्हा म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही? ही तर आमचं दूध ओतणारी."

"कधी हो, मावशी?" काकू म्हणाल्या.

"अकरा वर्षं झाली. सगळ्या गावासमोर ओतलंस. रिकामा कॅन डोक्यावर घेऊन बाजारातून घरी आले मी. तुला कशाला आठवेल?"

काकूंना खरंच आठवत नव्हतं. असे कॅन त्यांनी इतके ओतले होते की त्यांचा पत्ता कोण ठेवणार?

पहिल्या आठ भेटींत सिस्टर बोलायच्या आणि काकू बघायच्या. धाकटी मान खाली घालून एका शब्दात उत्तरं द्यायची. "इच्छा होते का गं?" सिस्टर विचारायच्या. "होते." "कधी?" "दुपारी." मग बराच वेळ कोणीच काही बोलायचं नाही. काकूंना त्या गप्प बसण्याचा कंटाळा यायचा. सिस्टरांना मात्र कसलीच घाई नसायची. त्या ठकीशी खेळायच्या, खेळणं मुद्दाम तिच्या डाव्या हाताजवळ धरायच्या आणि धाकटी बोलेपर्यंत बसून राहायच्या.

नववी भेट काकूंनी एकटीने केली. धाकटीने त्या दिवशी न सांगता चहा टाकला. ठकी काकूंच्या मांडीवर येऊन बसली आणि पदराचं टोक चोखत राहिली. काकूंनी कागदावर लिहिलं, सगळं ठीक. हे काम आपल्याला जमतंय असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं आणि त्या खुशीत होत्या.

दहाव्या भेटीच्या दिवशी ऊन असं होतं की चपलेतूनही तळवे भाजत होते. काकूंनी दाराशी येऊन हाक दिली. आतून पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. काकूंनी दार वाजवलं.

"आले, आले."

दार वीतभर उघडलं. धाकटीच्या आधी वास बाहेर आला.

तो वास काकूंच्या डोक्यात पोचायच्या आत अंगात पोचला. मान पुढे झाली, नाकपुड्या फुलल्या. धाकटीने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. कपाळावर घाम होता.

"काकू, आज जरा... उद्या याल का?"

उद्या या. बावीस वर्षांत भेसळ करणाऱ्या प्रत्येकाने हेच म्हटलं होतं. काकूंनी खांद्याने दार ढकललं आणि उंबरा ओलांडून त्या आत गेल्या. ठकी गोधडीवर झोपलेली होती. आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे पोतं पडलं होतं. काकूंनी पोतं उचललं. खाली पत्र्याचा डबा होता. त्यांनी झाकण काढलं, वाकल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्पिरिट. नुसतं स्पिरिट.

"हे काय आहे?"

"पॉलिशचं आहे, काकू." धाकटी मागे येऊन उभी राहिली होती. "सुताराकडचं. फावड्यांच्या दांड्यांना लावायचं. लाख विरघळवून—"

"कुठे आहेत दांडे?"

"सकाळीच नेले त्याने."

"बरे नेले."

"खरंच सांगतेय. मी तुम्हाला आज—"

"हो, हो. गायीने कडू पाला खाल्ला," काकू म्हणाल्या. धाकटीला त्यातलं काही कळलं नाही. ती नुसती बघत राहिली. तिचे हात आता पुढे आले होते. मनगटापर्यंत ते लालसर तपकिरी रंगाने माखलेले होते. काकूंनी ते पाहिलं आणि मनावर घेतलं नाही.

त्यांनी डबा उचलला, अंगणात नेला आणि उपडा केला.

त्याच वेळी म्हातारी टँकरवरून पाण्याचे दोन हंडे घेऊन येत होती. तिच्यामागे आणखी चार बायका होत्या. सगळ्या कुंपणापाशी थबकल्या. तापलेल्या मातीने स्पिरिट चर्रकन पिऊन टाकलं आणि वास गल्लीभर झाला. एका बाईने पदर तोंडाला लावला. दुसरी धाकटीकडे बघून "बाई गं!" म्हणाली.

म्हातारीने हंडे खाली ठेवले. "एकदा माझं दूध ओतलंस. आज काय ओतलंस?"

"तुमच्या सुनेला विचारा," काकू म्हणाल्या.

आत ठकी जागी होऊन रडायला लागली होती, तरी धाकटी दारातून हलली नाही. काकू रिकामा डबा अंगणात टाकून ताठ मानेने निघाल्या. घरी जाऊन पोटभर जेवल्या. आज एक लेकरू वाचवलं, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

गावात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नणंद येऊन थडकली. ठकीचे कपडे न्यायला तिने रिकामी पिशवी आणली होती. समितीने बाराव्या भेटीची वाट न बघता शुक्रवारी बसायचं ठरवलं.

काकू कागद घेऊन सिस्टरांकडे गेल्या. सिस्टरांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं.

"तिला विचारलंत?"

"अहो, वास आला मला. डबा सापडला."

"वासाचं नाही विचारत मी. तिला विचारलंत का, प्यायलीस का म्हणून?"

"ती काय खरं सांगणार होती?"

"मला काय माहीत? तुम्हाला काय माहीत?" सिस्टरांचा घोगरा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावायला लागले. "सुताराचं स्पिरिट विष असतं, काकू. माणसाचे डोळे जातात, जीव जातो. तुम्ही तिला हेसुद्धा विचारलं नाहीत की तुझ्या पोटात गेलंय का, तुला नीट दिसतंय का. डबा ओतलात आणि घरी जाऊन जेवलात."

हे काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"स्पिरिट घरात आणलं ही तिची चूक. धोक्याचंच होतं ते," सिस्टर आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण ते तिच्या तोंडून यायला हवं होतं. आता गल्लीला कळलंय, नणंदेला कळलंय, समितीला कळलंय. तिने स्वतः सांगावं असं काही तुम्ही तिच्याकडे ठेवलंच नाहीत." त्यांनी कागद परत केला. "हा तुम्हीच भरा. दहावी भेट तुमची आहे. मी तिचे डोळे तपासायला जातेय."

डोळे ठीक होते. तेवढा निरोप संध्याकाळी आला आणि काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बुधवारी सकाळी त्यांनी सुताराचं दुकान गाठलं. भिंतीला फावड्यांचे चाळीस दांडे ओळीने लावून ठेवले होते. लालसर, गुळगुळीत, हात फिरवावासा वाटेल असे.

"धाकटीने केलेत?"

"तिनेच. हात आहे तिचा," सुतार रंधा न थांबवता म्हणाला. "मीच चुकलो, काकू. ती म्हणाली होती, दादा, डबा तुमच्याकडेच ठेवा, मी इथे बसून करते. मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाइकांची ये-जा, तू कुठे बसणार, घरी ने. मला बापड्याला काय ठाऊक तिचं. आता गाव मलाच शिव्या घालतंय."

काकूंनी विचारलं, किती दिलं होतंत? एका दांड्याला किती लागतं? सुताराने सांगितलं. अंगणात ओतताना डबा केवढा जड होता ते काकूंच्या मनगटाला पक्कं आठवत होतं. हातातल्या वजनावरून दूध सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी मनात गणित मांडलं, पुन्हा मांडलं. अर्धा कप कमी पडत होता. तेवढं तर उघड्या डब्यातून उन्हानेच उडतं.

पोरगी प्यायलेली नाही! काकू दुकानातून निघाल्या त्या जवळजवळ पळतच. चप्पल दोनदा पायातून निसटली.

अंगणात नणंद बाजेवर बसली होती, पिशवी शेजारी. म्हातारीने काकूंना पाहिलं आणि दारात आडवी उभी राहिली.

"बाहेरच."

"बाहेरच थांबते, मावशी. तिला जरा पाठवा."

काकू उन्हात उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने धाकटी ठकीला कडेवर घेऊन आली. दोन दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. काकू तिला कुंपणापाशी बाजूला घेऊन गेल्या आणि धापा टाकत, नणंदेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळा हिशोब सांगितला. किती दिलं, किती लागलं, किती ओतलं.

"बरोबर जमतंय बघ. सुतारालाही आणते मी समितीपुढे. अर्धा कपच काय तो कमी आहे, तो उडाला असणार."

धाकटीने ठकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"उडाला नाही, काकू."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी. झाकण उघडलं आणि मला काही कळलंच नाही. एक घोट घेतला. लगेच ओकले. आतडी बाहेर येतात की काय वाटलं. कपात राहिलेलं मोरीत फेकलं." ती सावकाश बोलत होती, जणू वाक्यं पाठ केलेली होती. "मग तोंडाला फडकं बांधलं आणि दांडे केले. रोज फडकं बांधून करायचे. चाळीसच्या चाळीस केले. पुन्हा बोट नाही लावलं."

काकू कुंपणाला धरून उभ्या राहिल्या.

"सांगायचं नाहीस का?"

"सोमवारी सांगणार होते. सकाळी दांडे गेले, म्हटलं आता काकू येतील, ठकीला झोपवते आणि सांगून टाकते. तीन दिवस कसं सांगायचं तेच जुळवत होते. दार वाजलं आणि हातपाय गळाले. म्हणून म्हटलं उद्या या." धाकटीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "विचारलं असतंत तर त्याच वेळी सांगितलं असतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तुम्ही वास घेतलात."

काकूंना तिथेच मातीत बसावंसं वाटलं. लाज म्हणजे काय ते त्यांनी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर पाहिलं होतं. आता ती त्यांच्या कानशिलांत धगधगत होती.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

"मग मी नाही लिहिलं तर—"

"तुमचा कागद आहे," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

गुरुवार काकूंनी त्या कागदासमोर काढला. सेवन आढळले का, होय की नाही, असे दोन चौकोन होते. होय म्हटलं तर पोर गेलं. नाही म्हटलं तर उद्यापासून एक खोटं त्या बाईच्या गळ्यात बांधलं, आणि ते दोघींनी जन्मभर वागवायचं. नवरा जेवायला दोनदा बोलावून गेला. काकू उठल्या नाहीत.

शुक्रवारी शाळेच्या त्याच खोलीत समिती बसली. मास्तर मधे, दोन सभासद दोन बाजूंना, कोपऱ्यात सिस्टर. धाकटी ठकीला मांडीवर घेऊन पुढे बसली होती, तिच्यामागे म्हातारी. नणंदेने पिशवी आणलीच होती. घरभेटीच्या बायकाही भिंतीशी उभ्या होत्या.

मास्तरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला.

"काकू, दोन्ही चौकोन कोरेच आहेत."

"हो."

"असं कसं? तुम्हीच डबा शोधलात ना?"

"शोधला. त्याचंच सांगायचंय." काकू उभ्या राहिल्या. "मी बोलावल्याशिवाय घरात घुसले. डब्याला हात लावला. चार लोकांसमोर ओतला. यातलं काहीही करायचं नाही असं सिस्टरांनी शिकवलं होतं. ते मी लिहिलंय खाली, वाचा."

"ते राहू द्या हो!" नणंद उसळली. "दारूचा वास आला की नाही ते सांगा. नाकवालीचं नाक कधी चुकत नाही, सगळं गाव सांगतं. हिनेच सांगितलंय आजवर!"

भिंतीशी कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं.

"मावशी, त्या दिवशी तुमचं दूध नासलेलं होतं का?"

म्हातारी चमकली. मग ठासून म्हणाली, "नव्हतं."

"मला आठवत नाही. तुम्ही नव्हतं म्हणता, तर नसेल. मी तेव्हाही तुम्हाला विचारलं नव्हतं." काकू मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, माझ्या नाकावर पोरीचा निवाडा करू नका. त्या चौकोनाचं उत्तर माझ्याकडे नाही. हिला विचारा. ही सांगेल."

मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"काय गं? घेतलीस का?"

धाकटीची पाठ काकूंना दिसत होती. ती एकदा वर झाली आणि खाली आली.

"घेतली. एक घोट. त्या डब्यातली. पहिल्या दिवशी, आज त्याला दहा दिवस झाले. ओकले. त्यानंतर नाही."

"झालं!" नणंद पिशवी घेऊन उठलीच. "हिच्याच तोंडाने सांगितलं. अट काय होती, मास्तर? एक घोट! द्या पोर इकडे."

तिने हात पुढे केले. ठकी घाबरून आईच्या छातीत शिरली. दोघी सभासद एकमेकींकडे बघायला लागल्या. काकूंना वाटलं, संपलं, आपणच हे करून बसलो. खोटं लिहिलं असतं तर पोर आईजवळ राहिलं असतं.

"आढळलं तर, असं लिहिलंय अटीत," सिस्टर कोपऱ्यातून म्हणाल्या. "आढळलं नाही. तिने सांगितलं. आपण सगळे इथे बसून कधी शोधून काढू शकलो नसतो, ते तिने पोर मांडीवर घेऊन सांगितलं. अशी आई पुढच्या वेळी इच्छा झाली तरी सांगेल, घोट घ्यायच्या आधी. मला एवढं कळतं. अट तुमची आहे."

"शब्दांचे खेळ आहेत हे!" नणंद म्हणाली.

"गप गं," म्हातारी म्हणाली. आपल्या पोटच्या लेकीला चारचौघांत ती असं म्हणेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हातारी गुडघ्यावर हात रेटून उठली. "मास्तर, रोज दुपारी ही फडकं बांधून बसायची ते मी बघत होते. मला वाटलं वासाने डोकं दुखतं. मीसुद्धा नाही विचारलं. पोर आईकडे राहू द्या. मी घरात आहे. आता विचारत जाईन."

मास्तरांनी दोन्ही सभासदांशी हलक्या आवाजात बोलून घेतलं. फार वेळ लागला. ठकीने तेवढ्यात आईच्या ब्लाउजचं बटण तोडलं. शेवटी मास्तरांनी घसा खाकरला. पोर आईकडे राहील. आणखी तीन महिने भेटी चालू राहतील. पॉलिशचं काम करायचं असेल तर सुताराच्या दुकानात बसून, डबा घरी यायचा नाही.

नणंद ताडताड निघून गेली. म्हातारी मटकन खाली बसली. धाकटी मात्र ठकीला घेऊन उभी राहिली.

"आणखी काही?" मास्तर म्हणाले.

"भेटींना माझी ना नाही," धाकटी म्हणाली. "पण ह्या काकू नकोत."

आजच्या आपल्या बोलण्याने पोर वाचलं, असं काकूंनी नुकतंच स्वतःला सांगितलं होतं. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. सिस्टरही बघत होत्या, पण मदतीला आल्या नाहीत.

"बरोबर आहे तिचं," काकू म्हणाल्या.

शिवणवालीचं नाव लिहिलं गेलं. माणसं उठून बाहेर पडायला लागली. शिवणवाली काकूंजवळ आली. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"काकू, मला नाही हो जमायचं. काय सांगाल त्या घराचं?"

"दार उशिरा उघडतं," काकू म्हणाल्या. "थांब. पोर डावा हात लपवतं, खेळणं त्याच हाताजवळ धर. म्हातारी आधी वाकडं बोलेल, बोलू दे. धाकटी दुपारची घाबरलेली असते, म्हणून दुपारीच जा." त्यांनी शिवणवालीच्या खांद्यावर हात ठेवला. "चहा दिला तर गरमच पी. मन लावून करते ती."

पायऱ्यांवरून धाकटी उतरत होती. तिच्या खांद्यावरून ठकीने मागे पाहिलं, काकू दिसल्या आणि ती ओळखीचं हसली. चिकटलेल्या बोटांचा हात तिने त्यांच्याकडे लांब केला. धाकटीने मागे न बघता तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती सासूमागून रस्त्याला लागली.

काकूंनी ठकीला हाक मारली नाही. त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि तिघी वळणाआड गेल्यावर घरी निघाल्या.